कचऱ्याखालचं मैदान

कारखान्याचा भोंगा परवा पहाटे वाजला. मी अजून पांघरुणातच होतो. बायको चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, "उठा आता. हंगाम सुरू झाला. तुमच्या पोरी मैदानावर पोचल्यासुद्धा असतील."

आम्हाला मुलगी नाही. एक मुलगा आहे, तो पुण्याला. तरी बायको गेली काही वर्षं असंच म्हणते, 'तुमच्या पोरी', आणि निवृत्त माणसाला सकाळी उठायला याहून चांगलं कारण लागत नाही.

उसाचा हंगाम आमच्याकडे आधी नाकाला कळतो. तोडलेल्या फडाचा ओला, गोडसर वास येतो. वारा फिरला की मळीचा आंबूस वास येतो. कृष्णेवरून वर सरकणाऱ्या धुक्यात हे दोन्ही मिसळले की समजायचं, दिवाळी सरली, आता शिमग्यापर्यंत रस्ता ट्रॉल्यांचा. आमचं गाव सातारा आणि सांगलीच्या मधोमध आहे. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल एवढं. साताऱ्याची माणसं आम्हाला सांगलीकडचे समजतात आणि सांगलीची माणसं साताऱ्याकडचे. पण नगरपरिषद आहे, आणि त्या नगरपरिषदेत मी सारी नोकरी केली, स्वच्छता निरीक्षक म्हणून. गावानं ठेवलेलं नाव 'कचरा साहेब'. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हमखास म्हणायचं, "साहेबांना वाढा, पत्रावळी शेवटी त्यांच्याकडंच जायच्यात." मीही हसायचो. हसण्यावाचून दुसरं काय करणार?

त्या काळी हंगामाला तिसरा एक वास असायचा, धुराचा. गावाच्या पश्चिमेला आमचा कचरा डेपो होता. डेपो हा आमचा कार्यालयीन शब्द. गाव त्याला ढीगच म्हणायचं, आणि ते बरोबर होतं. दुमजली घराएवढा उंच झाला होता तो. थंडीत कुणीतरी शेकोटीसाठी काडी लावायचं, आणि मग ढीग आतल्या आत आठ-आठ दिवस धुमसत राहायचा. धुक्यात धूर मिसळला की पेठेतली म्हातारी माणसं खोकत बसायची, आणि माझा फोन वाजायला लागायचा.

ज्या हंगामाबद्दल मला सांगायचंय तो अशाच धुरात सुरू झाला.

पाटणकडून येऊन आमच्या गावात घर बांधलेले एक निवृत्त सुभेदार आहेत. सगळे त्यांना सुभेदार आबा म्हणतात. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत असतो, त्यामुळे मुलांची भरतीची तयारी इथं नवी नाही. आबांनी नवं काय केलं, तर मुलींना पळायला शिकवलं. पोलीस भरतीसाठी आठ-दहा मुली रोज उजाडताना त्यांच्यामागं कारखान्याच्या रस्त्यावर धावायच्या, कारण दुसरा सरळ, डांबरी तुकडा गावात नव्हताच. त्यांतली सगळ्यात वेगवान नसीम. वडील अकबरभाई, बसस्टँडसमोर त्यांचं वेल्डिंगचं दुकान. नसीम पळायला लागली की आबा घड्याळाकडं बघायचे, बाकीच्या मुली तिच्या पाठीकडं.

हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात उसाच्या ट्रॉलीनं तिला उडवलं. उडवलं म्हणण्यापेक्षा झोडपलं. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची मोळी धुक्यात दिसली नाही. ती खांद्यावर बसली आणि पोरगी रस्त्याकडेच्या चारीत फेकली गेली. खांद्याचं हाड मोडलं. ट्रॅक्टरवाल्याला बिचाऱ्याला पुढच्या गावात कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा ती गळपट्ट्यात हात अडकवून बसली होती आणि अकबरभाई खिडकीकडं तोंड करून उभे होते. मला बघून म्हणाले, "सायेब, खांद्यावर निभावलं. वीतभर वर लागलं असतं तर?" मग जरा थांबून, "आता बास. माधवनगरला तिची फुफी हाय, माझी भन, तिच्याकडं पाठवतो. बरं स्थळ बघा म्हणून सांगितलंय तिला."

नसीम रडली नाही. तिनं फक्त खाटेखालचे पळायचे बूट पायानं आत सरकवले, आणि सरकवताना तोल जाऊ नये म्हणून बऱ्या हातानं खाटेची कड घट्ट धरली. मी तिथून निघालो. घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुभेदार आबा चिखलाच्या बुटांनिशी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"माने साहेब, रस्ता कारखान्याचा. नदीकाठ मळेवाल्यांचा. शाळेच्या पटांगणाला कुलूप. माझ्या पोरींनी पळायचं कुटं? तुमच्या टेबलावर?"

"आबा, हे माझ्या खात्यात येत नाही. मी कचऱ्याचा माणूस."

"मग ज्याच्या खात्यात येतं त्यो दाखवा. मी त्याच्यापुढं हुबा ऱ्हातो."

मला दाखवता येईना. खरं सांगायचं तर असा कुणी नव्हताच. म्हणून मी त्यांना चहा दिला आणि नगररचनेच्या कपाटातून गावाचा जुना विकास आराखडा काढला, कुठं एखादी मोकळी जागा सापडते का बघायला. तो मोठा नकाशा घडीवर फाटलेला होता. आम्ही दोघांनी टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर पेपरवेट आणि चहाचे कप ठेवले. पश्चिमेला, ओढ्याच्या अलीकडं, हिरव्या रंगाचा मोठा चौकोन होता. साडेपाच एकर. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आरक्षण : क्रीडांगण'.

आबांना कळायला क्षण लागला नाही. मला लागला. मी तो गट क्रमांक दोनदा वाचला. मग कपाटातून डेपोची फाईल काढून पुन्हा वाचला.

"हा तर ढीग," आबा म्हणाले.

वीस वर्षं मी गावाच्या मैदानावर कचरा टाकत आलो होतो. तात्पुरता म्हणून माझ्या आधीच्या माणसानं सुरू केला होता, मी चालू ठेवला, आणि कागद कधी उघडून बघितला नाही. सरकारी नोकरीत चूक अशीच होते. एखाद्या दिवशी नाही होत, रोज थोडी थोडी होते आणि तिच्यावर सही माझी असते.

मुख्याधिकारी मॅडम नव्या होत्या. वयानं माझ्या मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या असतील. नकाशा बघून त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जुना कचरा चाळायचं काम तर मंजूर होऊन आलंच आहे. यंत्र पुढच्या आठवड्यात येईल. पण माने साहेब, इकडून आपण चाळायचा आणि तिकडून रोज नवा ओतायचा, असं असेल तर मैदान कधीच दिसणार नाही. गाव ओला-सुका वेगळा करून देईल?"

"गाव देणार नाही मॅडम," मी म्हणालो. "पण हिराबाई घेईल."

हिराबाई आमच्या सफाईच्या बायकांची मुकादम. तिला धरून बारा बायकांची टोळी. पन्नाशीची, काटक, आणि आवाज असा की घंटागाडीला घंटा लागायची नाही. मी तिला नकाशा दाखवला. ती वाचू शकत नव्हती, पण हिरवा चौकोन बघितला आणि लगेच म्हणाली, "हितं माझी सासू शेरडं चारायची. सांगायची मला. म्या म्हणायची, म्हातारी भ्रमिष्ट झाली, उकिरड्यात कवा गवात असतंय व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं गावाशी लढाई मांडली. मिसळलेला कचरा दिसला की बादली दारात तशीच ठेवून पुढं जायची. लोक भांडले. नगरसेवकांनी फोन केले. पेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी तर माझ्याकडं लेखी तक्रार दिली. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच फाटकाशी आवाज आला, "सायेब, तुमची बादली माघारी हाय बरं का! भाजीच्या देठात दुदाची पिशवी हाय."

आख्खी गल्ली ऐकत होती. बायको लाजेनं लाल झाली. मी मधे पडणार, तेवढ्यात तिनं पदर खोचला, अंगणात बसली, आणि बादली उलथी करून एकेक देठ वेगळं केलं. मग उठून म्हणाली, "हिराबाई, आता बघा." हिराबाईनं बघितलं, मान हलवली आणि बादली गाडीत रिकामी केली. त्या दिवसानंतर आमच्या गल्लीत कुणी वाद घातला नाही. साहेबाच्या बायकोला सुटका नाही तर आपल्याला कुठली, एवढं सगळ्यांना कळलं.

ढिगावर यंत्र घरघरायला लागलं. मोठं लोखंडी पिंप, जाळीचं, आडवं गोल फिरणारं. एका टोकाला कचरा घालायचा. जाळीतून माती खाली पडायची, प्लास्टिक आणि चिंध्या दुसऱ्या टोकानं बाहेर. माती शेतकरी घेऊन गेले, प्लास्टिक सिमेंटच्या भट्ट्यांकडं गेलं. बायका दोन्ही बाजूंना उभ्या राहून दगड, काच, लोखंड वेचायच्या. काय काय निघालं त्यातून! एका पायाच्या चपला तर पोत्यानं. शाळेच्या पाट्या, रेडिओची खोकी, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, एक अख्खं पितळी घंगाळ, जे पाहून हिराबाई म्हणाली, "हे टाकणारीला सासू नसंल." आम्ही गावाचा भूतकाळ उलट्या क्रमानं बघत होतो. वर प्लास्टिक, त्याखाली पत्रा, त्याखाली माती आणि राख.

पौषात यंत्राची जाळी फाटली. कारागीर सांगलीहून यायचा होता, चार दिवस लागणार होते. हिराबाई कुणाला न विचारता बसस्टँडवर गेली आणि अकबरभाईंना घेऊन आली. त्यांनी सामान उतरवलं, तोंडावर काच धरली आणि दुपारभर जाळी जोडत बसले. शेवटचा टाका मारून काच वर केली तेव्हा घामानं भिजले होते. ढिगाकडं बघत मला म्हणाले, "सायेब, लोक म्हणत्यात, हितं पळायचं मैदान हुणार. खरं हाय?"

"होणार."

"रस्त्यावर जावं लागणार न्हाई?"

"फाटक असेल. आत ट्रॅक्टर सोडा, सायकलसुद्धा येणार नाही."

पुढचे दोन महिने दर शुक्रवारी नमाजानंतर ते वेल्डिंगची पेटी घेऊन यायचे आणि कुणी न बोलावता यंत्राचे सांधे तपासायचे.

माघातल्या एका दुपारी मी कार्यालयात असताना टोळीतली एक बाई धापा टाकत आली. "सायेब, चला! जमीन लागली!" मी तसाच गेलो. बारा बायका एका खड्ड्याभोवती वाकून उभ्या होत्या. तळाला काळी, दाणेदार, ओलसर माती होती, आणि तिच्यात वीतभर वर आलेला हद्दीचा दगड. त्यावर 'न. प.' कोरलेलं. हिराबाईनं रबरी हातमोजा काढला. इतक्या वर्षांत कामावर तिला उघड्या हातानं काही उचलताना मी पहिल्यांदा पाहिलं. तिनं मूठभर माती घेतली, हुंगली, आणि माझ्या नाकापुढं धरली.

"वास बघा."

मी बघितला. कसलाच वास नव्हता. म्हणजे मातीचा होता, पण मी नोकरीला लागल्यापासून त्या जागी फक्त मातीचा वास कधी घेतलाच नव्हता. माझे डोळे भरून आले. मी ते लपवले नाहीत.

जागा मोकळी दिसायला लागली आणि गावाला तिची किंमत आठवली. सर्वसाधारण सभेत काही सदस्यांनी सुचवलं, रस्त्याकडेच्या बाजूला दुकानांचे गाळे बांधावेत, मागं उरलेलं मैदान मुलांना द्यावं. सूचना वेडी नव्हती. गावाला उत्पन्न हवंच असतं. पण गाळे काढल्यावर जे उरत होतं त्यात आठशे मीटरची तयारी करणारी मुलगी पळू शकली नसती, वळता वळताच दमली असती. सुभेदार आबा मुलींना घेऊन प्रेक्षकांच्या बाकावर ताठ बसले होते. मॅडमनी आरक्षणाचा कागद वाचून दाखवला. तरी चर्चा गाळ्यांकडंच झुकत होती. तेव्हा मागून आवाज आला.

"आमी बोलावं का?"

हिराबाई दारात उभी होती, मागं तिची टोळी. सभेत कर्मचाऱ्यांनी बोलायचं नसतं. पण अध्यक्षांनी मान डोलावली.

"आवं, तुमचा समद्यांचा कचरा आमी वेचला. कुनाच्या घरात काय शिजतं, काय वाया जातं, समदं आमाला ठावं हाय, पर कवा कुटं बोललो न्हाई. आज एकच बोलतो. ती जमीन आमच्या हातानं वर आलीया. आमाला तितं गाळा नगं, नाव नगं, काय नगं. पोरींना पळू द्या. पुरी जागा. आर्दी न्हाई."

गाळ्यांची सूचना ज्यांनी मांडली होती त्या सदस्यांनीच पहिला हात वर केला, मैदानाच्या बाजूनं. एकामागून एक सगळे हात वर गेले. मी ठरावाची ओळ लिहून घेत होतो. अक्षर इतकं वाकडं आलं की दुसऱ्या दिवशी कारकुनानं विचारलं, साहेब, बरं नव्हतं का?

मला पुष्कळदा वाटतं, नगरपरिषद म्हणजे लोकांना फक्त नळ, गटार आणि जन्ममृत्यूचे दाखले वाटतात. मलाही तसंच वाटायचं. पण मुलीला पळायला सुरक्षित जागा असणं हीसुद्धा नळासारखीच गोष्ट आहे. ती असते तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. नसते तेव्हा कुठल्या तरी घरात एक मुलगी बूट खाटेखाली सरकवते.

लाल मुरूम पसरला, रोलर फिरला, चारशे मीटरची लंबगोल वाट आखली गेली, कडेनं दिवे लागले, मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि पाण्याचे नळ आले. रोलर फिरत होता त्याच आठवड्यात अकबरभाई सायंकाळी आले. सायकलवर मागं नसीम बसली होती. खांदा बरा झाला होता, चेहरा मात्र वाळला होता. माधवनगरहून ते स्वतः तिला घेऊन आले होते. फुफीनं दाखवलेल्या स्थळाला काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

नसीमनं चपला काढल्या आणि वाटेवर उभी राहिली. पायाच्या बोटांनी मुरूम दाबून बघितला.

"आबा," ती सुभेदारांना म्हणाली, "घड्याळ लावा."

"अगं, आज आलीस. हळूहळू घे."

"हळूच पळते. पर येळ लावा."

अर्ध्या फेरीतच ती थांबली, कमरेवर हात ठेवून वाकली. दम तुटला होता. अकबरभाई पुढं धावले. तिनं हातानंच त्यांना थांबवलं, श्वास घेतला आणि उरलेली अर्धी फेरी चालत पूर्ण केली. बाकीच्या मुली न सांगता तिच्यामागं चालल्या.

पुढचं इथंच सांगून टाकतो. पहिल्या भरतीत नसीम थोडक्यात हुकली. त्याच्या पुढच्या भरतीत निवडली गेली. आज ती सांगली जिल्ह्यात पोलीस आहे, आणि सुट्टीला आली की नव्या मुलींना शर्यतीत सुटायचं कसं ते शिकवते. तिच्यामागून त्या मैदानावरून आणखी मुली गेल्या, कुणी पोलिसात, कुणी सैन्यात. एक जण कुठंच निवडली गेली नाही, ती आता शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि सगळ्यांत कडक तीच आहे. आता शेजारच्या गावांतून, पार रहिमतपूरकडूनही मुलं-मुली येतात. संध्याकाळी म्हातारी माणसं चालतात. पेठेत हिवाळ्यातला खोकला कमी झालाय, असं त्या तक्रार करणाऱ्या डॉक्टरीणबाईच मला म्हणाल्या.

पण मला आठवतो तो उद्घाटनाचा दिवस. हंगाम संपत आला होता, तरी शेवटच्या ट्रॉल्या बाहेरच्या रस्त्यावरून खडखडत होत्या. सकाळी सातला पाहुणे यायचे होते. मांडव, खुर्च्या, हारतुरे, सगळं तयार. वाटेच्या सुरुवातीला आडवी लाल फीत बांधली होती, तबकात कात्री होती. मुली नव्या बुटांत उभ्या. आठ वाजले. साडेआठ वाजले. पाहुण्यांचा पत्ता नाही. ऊन तापायला लागलं. मुली पाय झाडत होत्या, आणि थंड पडलेले स्नायू घेऊन त्या पळणार कशा म्हणून आबा धुसफुसत होते.

मॅडमनी घड्याळ बघितलं. मग मांडवाच्या कडेला, खुर्च्या नको म्हणून जमिनीवर बसलेल्या हिराबाईच्या टोळीकडं बघितलं.

"हिराबाई, पाहुणे येईपर्यंत वाट कशी झालीय ते तुम्हीच बघून सांगा. एक फेरी मारा."

"आमी? पळायचं?"

"चाललात तरी चालेल."

बायका हसल्या, एकमेकींना ढकलायला लागल्या. हिराबाई उठली. कामावरचं केशरी जाकीट अंगात होतंच. तिनं कासोटा घट्ट केला आणि निघाली. फीत तशीच मागं ठेवून, तिच्या पुढं वाटेवर उतरून. आधी चालत. पहिल्या वळणावर चालणं भरभर झालं. मागच्या बायकांनी वेग धरला. समोरच्या बाजूला, ओढ्याकडं, त्या पळत होत्या! बारा केशरी जाकिटं, बारा नऊवाऱ्या नि सहावाऱ्या, मुरमाची लाल धूळ, आणि आख्खं गाव उभं राहून ओरडत होतं. "हिराबाई! चल गं! चल!" अकबरभाई खुर्चीवर चढले होते. माझी बायको चक्क शिट्टी वाजवत होती. तिला शिट्टी येते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

शेवटच्या सरळ तुकड्यावर त्या आल्या तेव्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की पुढं फीत आहे. कुणीतरी ओरडलं, "थांबा!" पण हिराबाई थांबायच्या बेतात नव्हती. ती छाती पुढं काढून सरळ आली, फीत तिच्या जाकिटावर ताणली गेली आणि तुटली. दोन्ही टोकं तिच्या खांद्यांवरून मागं फडफडत राहिली.

नेमकी तेव्हाच फाटकात गाडी थांबली. पाहुणे उतरले, वयस्कर गृहस्थ. त्यांनी तुटलेली फीत बघितली, तबकातली कात्री बघितली, धापा टाकणाऱ्या बायका बघितल्या.

"उद्घाटन झालं वाटतं," पाहुणे म्हणाले. "कुणाच्या हस्ते झालं?"

हिराबाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती. तिनं मान वर केली.

"हातानं न्हाई वं, सायेब. पायानं झालं."

पाहुणे इतक्या जोरात हसले की मांडवातल्या कबुतरांनी झेप घेतली. त्यांनी आपल्या गळ्यात घालायला आणलेला हार घेतला आणि तिच्या गळ्यात घातला.

सुभेदार आबांनी शिट्टी ओठात धरली, आणि पोरी सुटल्या.